घट

डॉक्टर रुकय्या म्हणाल्या,
सहा महिने काटा हलू द्यायचा नाही.
चढला तर टाके ताणतील,
उतरला तर कातडी पुन्हा लोंबेल.
चौसष्ट किलो.
एक किलो इकडे, एक किलो तिकडे, तेवढी सूट.
मी मान हलवली.
मनामाच्या बाजारात अकरा वर्षं सोनं तोलतेय,
एवढी सूट मला आजवर कुणी दिली नव्हती.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी
काट्यानं दाखवले सहासष्ट आठशे.
खाल्लं होतं काय? वाटीभर खिमट, एक अंडं,
कोल्ड स्टोअरमधलं बिनमिठाचं ताक.
पोटावर आवळपट्टा, कंबरेत वाकलेली,
कुशीतून लोंबणारी नळी एका हातात धरून
मी न्हाणीघरात रडले,
आणि रडताना टाके ओढले म्हणून थांबले.
फोनवर सिस्टर हनान हसली.
सूज आहे ती, पाणी.
सूज म्हणजे तू नव्हेस.

सासूबाईंना हर्नियाचं सांगितलंय.
विट्यात पोट फाडून घेतलेलं चालतं,
नीट करून घेतलेलं नाही.
वन्संनी येणाऱ्याच्या हाती डिंकाचे लाडू पाठवले,
बत्तीस, मोजून,
ओल्या बाळंतिणीला देतात तसे.
त्यांना काय सांगू?
या खेपेला बाळ नाही वन्सं,
बाळं निघून गेल्यावर मागं राहिलेली झोळी
तेवढी काढून टाकलीय.

सर्जेराव गलाईच्या भट्टीवरून येतात
करपलेल्या भुवया घेऊन,
आणि माझ्यासाठी हामूर उकडतात, तेल न घालता.
लोणच्याची बरणी त्यांनी वर ठेवलीय,
माझे हात सध्या खांद्यावर जात नाहीत
हे ठाऊक असून.
उपाशी राहायचं न्हाई, म्हणतात,
जखम भराया माल लागतो.

एका रात्री विचारलं त्यांनी,
काढलेली कातडी भरली किती?
एक किलो आठशे.
मीच विचारून घेतलं होतं सिस्टरला, सवयीनं.
ते बराच वेळ गप्प.
त्यांच्या धंद्यात दोन गुंजांची घट आली
तरी भट्टीची राख चाळतात,
फरशी झाडतात, पायपुसणं जाळतात,
हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात राखतात
झारेकऱ्यासाठी.
"मग ती टाकली कुटं आसंल?"
मला माहीत नव्हतं.
त्या कातडीवर केतकीच्या नऊ महिन्यांच्या रेघा होत्या,
आणि जो राहिला नाही
त्याच्या सात महिन्यांच्या.
त्याचं दुसरं काहीच नव्हतं घरात.

एसीचा आवाज येत होता.
खाली गुदैबियाच्या गल्लीत कुणीतरी
खुब्जची गरम चळत कागदात गुंडाळून नेत होतं,
वास तिसऱ्या मजल्यापर्यंत.
मला भूक लागली.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा, खरीखुरी.

आता सहावा आठवडा.
संध्याकाळी समुद्राच्या कडेनं चालते,
हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर,
सैल झग्याखाली पट्टा घामानं चिकटलेला.
जवळजवळ ताठ. टाके गेले,
आडवी रेघ राहिली, अजून लालसर.
काटा चौसष्ट शंभरवर.
आरशात पाहते तेव्हा पोट सपाट दिसतं
आणि दुसऱ्या कुणाचं तरी.
नको होतं का मला हे? हवं होतं.
तीन वर्षं पैसे साठवले होते.

काल सर्जेराव एक लाडू खिशात घालून
माझ्या दुकानी घेऊन गेले, काट्यावर ठेवला,
पावतीवर लिहून आणलं:
त्रेचाळीस ग्रॅम, दोनशे चाळीस मिली.
"खा. येवढ्यानं काटा फिरत न्हाई."
मी खाल्ला. खोबरं थोडं खवट झालं होतं.

मग दुकानाची जुनी वही काढली,
घटीच्या रकान्यात
एक किलो आठशे लिहिलं.
पुढचा रकाना कारणाचा.
पेन धरून बसले.
केतकी पाठीमागून येऊन म्हणाली,
आई, वाकून बसू नकोस.