दोषाची चिठ्ठी

सियागंजात, तेलाच्या पिंपांच्या गल्लीत
सरमंडलांचं दुकान होतं: तंबू, सॅक, बूट, दोरखंड.
अर्धा माल महूच्या छावणीतून लिलावात उचललेला,
अर्धा कारखान्यांनी नापास केलेला.
आत शिरलं की ओल्या कॅनव्हासचा वास,
मागोमाग त्रिंबककाकांच्या तपकिरीचा.

काका प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधत,
पांढऱ्या दोऱ्याने, शाईच्या पेनने लिहिलेली:
डाव्या खांद्याची शिवण कच्ची. साठ रुपये कमी.
रंग एका बाजूला उडालेला. थंडीला फरक पडत नाही. तीस कमी.
आत एका जवानाचं नाव आहे. खोडू नये. किंमत तीच.

सूट म्हणजे काय ते मी तिथे शिकलो.
जेवढं बिघडलंय तेवढंच कमी.
कुणी घासाघीस करू लागलं
की काका सॅक उलटी करून त्याच्यापुढे ठेवत,
"शोध भिया, अजून दोष सापडला तर अजून कमी करतो."
माणसं खरंच शोधत बसत,
जानापावला निघालेली कॉलेजची पोरं,
मांडवातला घाम पुसत आलेला एखादा केटरर.
कुणाला काही सापडलं
तर काकांचा चेहरा असा उजळायचा
की पैसे त्यांनाच मिळाले असावेत.

मी मागच्या खोलीत, पायाच्या मशीनवर.
चेन, बकल, पट्टे. एकवीस वर्षं.

मग कंपनी आली.
काकांनी स्वतःच सही केली, कुणी फसवलं नाही.
संध्याकाळी मला म्हणाले,
"किंमत बरी दिली रे. मी कागद तीनदा वाचला,
दोष सापडला नाही."
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पहिलं वर्षभर काहीच बदललं नाही.
तेवढी अक्कल होती त्यांना.
पाटी तीच, मी तोच, चहावाला तोच.
मग दुकान बायपासच्या मॉलमध्ये गेलं,
वास मागेच राहिला.
आता सरमंडल हे नाव
रबरी अक्षरांत सॅकवर छापून येतं,
आणि सॅकचं कापड असं
की उजेडाकडे धरलं तर पलीकडचं बोट दिसतं.

चार हजार नऊशे नव्याण्णव. त्यावर लाल रेघ.
खाली, एक हजार नऊशे.
मी विचारलं, वरच्या भावाला कधी विकली होती?
मॅनेजर पोरगं चांगलं आहे, देवासचं,
माझ्यासाठी डब्यात जास्तीची पोळी आणतं.
म्हणालं, "दादा, तो आकडा खोडायसाठीच छापतात."

दुरुस्ती बंद झाली.
माझं मशीन गोदामात आहे,
त्यावर हात तुटलेला पुतळा ठेवलाय, जॅकेट घातलेला.
मला टी-शर्ट दिला. पाठीवर लिहिलंय: मला विचारा.
कुणी विचारत नाही.
विचारलं तर ट्रायल रूम कुठे, एवढंच.

परवा एक मुलगी आली.
खाकी सॅक, कडा पांढऱ्या पडलेल्या,
वडिलांनी आमच्याकडून घेतलेली, ती जन्मायच्या आधी.
चोरलच्या जंगलापासून केदारकंठापर्यंत जाऊन आलेली.
"चेन दुरुस्त करता ना तुम्ही?"
तोंडावर आलं होतं, बंद केलंय.
तेवढ्यात तिने आतल्या कप्प्यातून
प्लास्टिकमध्ये जपलेली चिठ्ठी काढली.
शाई फिकी, पण काकांचा तिरका 'च' तसाच.
वळणावर चेन अडते. मेण लावावं. दहा कमी.

"अजून अडते," ती म्हणाली.
सुरात तक्रार नव्हती,
घरातल्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तशी बोलली.

खिशात मेणाचा तुकडा होता,
का ते विचारू नका, असतो.
कॅमेऱ्याकडे पाठ केली,
कमी केलेल्या भावांच्या रांगेत उकिडवा बसलो
आणि चेन ओढली.

अडली.
लिहिलं होतं तिथेच.