फुटाला एक सूत

एकतीस वर्षं उद्यमनगरात
सागवानाचे पॅटर्न केले.
इंजिनाचं हेड म्हणा, पंपाची केसिंग म्हणा,
लोखंडाचं व्हायच्या आधी
माझ्या रंध्याखालून गेलेलं.

ओतीव निवताना आकसतं,
फुटाला एक सूत.
म्हणून आमची पट्टीच मुळात लांब,
आकसणं आधीच धरून आखलेली.

मग ते काम कॉम्प्युटरवर गेलं.
शेडच्या जागी आता मंगल कार्यालयाचं पार्किंग.

राजारामपुरीत मॉड्युलर किचनच्या दुकानात लागलो.
पहिल्याच दिवशी कपाटाचं दार बसेना.
सुपरवायझर पोरगेला, इंगवल्यांचा.
"काका, माप बघून घेत जावा की."
बघूनच घेतलं होतं.
हात आपोआप जुन्या पट्टीकडं गेला होता, एवढंच.
दोन फुटाला दोन सूत.
प्लायवूड कुठं आकसतंय?
रंधा मागितला, तर तिथं रंधाच नाही.

साठ रुपयांचा टेप घेतला.
पट्टी डब्याच्या पिशवीत असते अजून,
चटणीचा वास लागलाय तिला.

काल नातवाला चौकटीला उभा केला,
उंची घेतली.
शाळेत घेतलेल्यापेक्षा तीन सूत कमी भरला.
"आजोबा, चुकतंय तुमचं."
असंल, म्हटलं.
टाचा टेकव. परत घेऊ.