अकराव्या आणि बाराव्याच्या मध्ये

एकोणीस वर्षं मी शिंपले धुतले.
रिकितेआच्या खाडीत, खांबांवर उभ्या पत्र्याच्या शेडमध्ये,
खांद्यावर पाण्याचा पाइप, बुटांत शेवाळ.
शिंपल्याच्या पाठीवर वसलेलं सगळं गाव
खरवडून काढायचं, स्पंज, किडे, नखाएवढे खेकडे,
मग जबड्यात पाचर ठोकून
टेबलाशी बसलेल्या कलमवाल्याकडे सरकवायचा.
मोती निघायचा तेव्हा मी पाठमोरी असायचे.
मोजणी, वजन, पिशवी, विमान.
माझ्या गळ्यात होती ती शेडची चावी.

माकारिओ म्हणाला, नापास झालेले आण.
नापास म्हणजे कमरेला वळ पडलेले,
गालावर खड्डा असलेले,
रंग चढता चढता कंटाळलेले.
मुकादमाने मूठभर दिले, सही घेऊन.

माकारिओ जाळी विणायचा, पूर्वी.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
बेटावर स्वतःच्या मालकीचे मोती
असलेला तेवढा तोच.

पहिला आठवडा मोत्याला हात नाही.
वाळक्या बिया, मासेमारीचा दोरा, दाभण.
गाठ आधी सैल ठेव, तो म्हणायचा,
दाभणाने तिला हळू ढकलत ने,
मोत्याला टेकली की दाभण काढ आणि ओढ,
एकाच श्वासात. दोन श्वास झाले की संपलं.

माझे दोन व्हायचे.
गाठ वाटेतच बसायची,
तांदळाच्या दाण्याएवढी फट राहायची,
आणि त्याचा अंगठा माळेवरून चालत येऊन
नेमका तिथेच थांबायचा.
"काप."
रेशीम पापीतेहून बोटीने येतं,
पिठाच्या गोण्या आणि गॅसच्या टाक्यांसोबत,
बोट येईल तेव्हा येईल.
मी कापायचे.
निरगाठ सोडवत बसायची नसते,
हे मला माझ्या संसारात कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी त्याने पहिला मोती
माझ्या तळहातावर ठेवला. दातांवर फिरव, म्हणाला.
बारीक, अगदी बारीक रेतीची चव.
एकोणीस वर्षं हातमोजे घालून ओळखत होते मी याला.

आणि रंग!
एक हिरवा, माशीच्या पाठीसारखा.
एक जांभळा, वांग्याच्या देठाजवळचा.
एक तर ठरवतच नाही,
ढग आला की करडा, गेला की तांबूस,
मी दिव्याखाली धरला तर माझंच नाक दाखवू लागला.
ज्याला मोत्याचं पाणी म्हणतात
ते खाडीच्या पाण्यासारखं मुळीच नाही.
खाडीचं पाणी ढकलतं.
हे आत बोलावतं, एक पाऊल,
आणि उंबऱ्यावर थांबवतं.

भात करपला त्या रात्री. आवरतं घ्यायला नको वाटलं.

सदतीस मोती. सदतीस म्हणजे छत्तीस गाठी,
टोकांच्या वेगळ्या.
गाठी कशाला, मी विचारलं होतं.
म्हणाला, तुटली तर एकच जाईल,
आणि जवळ असून घासणार नाहीत एकमेकांना.
त्याच्या बायकोचा फोटो पलीकडे भिंतीवर होता,
त्याने तिकडे मान वळवली नाही. वळवून दिसलाही नसता.

शेवटच्या रात्री त्याचा अंगठा निघाला.
दहा. अकरा.
थांबला.
अकराव्या आणि बाराव्याच्या मध्ये गाठच नव्हती.
मी श्वास धरला. किती मोजले असतील मी, दोन, दहा?
अंगठा पुढे गेला.
"रेशीम उरलंय का?" त्याने विचारलं.
"नाही," मी म्हणाले. डब्यात हातभर होतं.

आता घालते. शेडमध्येसुद्धा,
घामाने, खाऱ्या वाऱ्याने दोरा सैल पडेल
असं त्याने बजावलंय तरी.
आधी गार, मग हळूहळू माझ्याएवढीच कोमट.
नणंद तेहिना किंमत विचारते.
कलमवाला टेबलावरून मान वर करून बघतो,
काही बोलत नाही, पुढचा शिंपला मागतो.

मी वाकते, पाइप उचलते,
आणि गळ्याशी ते दोघे
एकमेकांवर आपटतात.
टिक.