ओगराळं

ताराबाई पार्कात टायरचं गोदाम होतं,
तिथं आता काळ्या काचेचं दार आहे.
हॉटेल म्हणायचं नाही, रेस्टॉरंट म्हणायचं,
पहिल्याच दिवशी सांगितलं.
वाढपीही म्हणायचं नाही.
छातीवर पितळेची पट्टी दिली: दिनकर.
मगदूम तिच्यात मावलं नाही.

त्याआधी तेवीस वर्षं
बोंद्रे वहिनींच्या खानावळीत
एका हातात बादली, एका हातात ओगराळं,
तांबडाऽ... पांढराऽ...
वाटीचा तळ दिसला की मनगट आपसूक वळायचं.
गिऱ्हाईक बोलत नसायचं, तोंडात भाकरी.
बास झालं की वाटीवर पंजा.
थोडाच हवा असला तर पंजा तसाच,
फक्त दोन बोटं फाकवायची,
आणि त्या फटीतून मी बरोबर तेवढाच सोडायचो,
बोटाला चटका न लावता.
चेहरे कोण बघतंय, मी पंजे ओळखायचो.
गुजरीतल्या सोनाराचा, नखं पिवळी.
गुऱ्हाळावरच्याचा, काकवीनं चिकट.
उद्यमनगरचा, साच्यातली काळी रेती रेषांत मुरलेली.
तालमीतल्या पोरांचा पंजा मात्र कधी पाहिला नाही.
ती ठेवायचीच नाहीत.

वहिनी गेल्या. मुलानं भांडी वजनावर विकली.

इथं पांढरा रस्सा इवल्या पेल्यात येतो,
वर नारळाचा फेस, फेसावर मिरी.
एकच. चिमट्यानं ठेवतात.
शेफ निनाद, इचलकरंजीचा पोरगा, समुद्रापार शिकून आलेला,
पहाटे स्वतः जाऊन मटण निवडतो,
खसखस पाट्यावर वाटून घेतो.
आणि खोटं कशाला बोलू, चव बरोबर आहे.
पहिल्यांदा चाखली तेव्हा
फ्रीजकडं तोंड करून मी थोडा वेळ उभा राहिलो.

पण पेला रिकामा झाला की उचलायचा.
भरायचा नाही.
हे डोक्याला कळलं, हाताला नाही.
पहिल्या आठवड्यात एका बाईंच्या पेल्यात
मी पाणीच ओतलं.
बाई हसल्या. मॅनेजर हसला नाही.

परवा सात नंबरला फौंड्रीचे मालक,
पुण्याचे दोन साहेब,
आणि कडेला एक म्हातारा मोल्डर,
त्याच दिवशी निवृत्त झालेला,
शर्टाची घडी न मोडलेली, खिशात हारातलं एक फूल.
सदाप्पा, सदाप्पा म्हणत होते सगळे
आणि बोलत होते आपापसांत, टनांचं.
त्यानं पेला एका घोटात संपवला,
आत वाकून पाहिलं,
मिरी बोटानं काढून खाल्ली.
मी शेजारून चाललेलो, हातात दुसऱ्यांची उष्टी ताटं,
वाढण्यासारखं काहीच नाही,
तरी त्यानं पेल्यावर पंजा ठेवला.
काळ्या रेषांचा. पेला दिसेनासाच झाला.

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
नको कुणाला म्हणतोय हा?
मी थांबलो.
मग हळूच
दोन बोटं फाकली.

आत उद्याचं पातेलं निवत ठेवलेलं.
निनादनं विचारलं, ऑर्डर आहे?
म्हटलं, आहे.
लिहिलेली?
मी उत्तर शोधत होतो, तसं ओगराळंही.
चमचे सापडले, चिमटे, पिचकाऱ्या,
डोळ्यांत औषध घालतात तसली नळी.

बाहेर भिंतीवर, पिवळ्या दिव्याखाली,
शोभेची म्हणून सात ओगराळी ठोकलीत,
भंगारवाल्याकडून आणलेली.
तिसऱ्याच्या काठाला पोचा आहे,
तो कधी पडला तेही मी सांगू शकतो,
आणि त्याचा स्क्रू ढिला आहे
हे मला महिन्याभरापासून ठाऊक आहे.