चार मिलिमीटर

मारेतने टेबल आणलं दोन फेऱ्यांत.
अर्धं हाइनोच्या स्वयंपाकघरातून, चुलीशेजारचं,
अर्धं लेम्बितच्या होडीच्या शेडमधून,
त्याच्यावर जाळ्यांचा वास.
आई गेली त्या हिवाळ्यात भावांनी ते मधोमध कापलं होतं.
एक घाव दोन तुकडे म्हणतात, तसं नव्हतं ते.
करवतीचे दात अजून मोजता येतात
आणि एका जागी चाल बदललेली दिसते:
दमून एकाने दुसऱ्याच्या हातात दिली असणार.

"जोडून दे, यूलो," म्हणाली. "कसं ते तू बघ."

सहा आठवडे मी काहीच केलं नाही.
एक तुकडा तीस वर्षं ऊब प्यालेला,
दुसरा तीस वर्षं समुद्राची ओल.
आधी दोघांना एका खोलीची हवा लागू दे म्हटलं.
हियुमावर ऑक्टोबरात तेवढाच उद्योग असतो,
लाकडाची वाट पाहणं.

मग खुंट्या काढल्या. बर्चच्या, गोल,
अंगावर बारीक चऱ्या, जादा सरसाला वर यायला वाट म्हणून.
इकडे भोक, तिकडे भोक, नाकासमोर नाक.
केसभर चुकलं तर खुंटी बसत नाही
आणि बसली की पुन्हा काही विचारत नाही.
माझ्या बापाचा खुंटीवर जीव.
ज्याची त्याची जागा नेमून दिली की कटकट संपते, म्हणायचा.
त्याच्या खुर्च्या आजही कुरकुरत नाहीत.
आम्ही दोघं मात्र...
असो.

दहा भोकांच्या खुणा पेन्सिलीने करून झाल्या
तेव्हा मारेत ओलं फडकं फिरवत होती.
थांबली.
"आई इथे पाव कापायची. खाली पाट घ्यायची नाही."
सुरीच्या तिरक्या रेघा, मूठभर,
इकडून सुरू होऊन तिकडे गेलेल्या.
दोन्ही टोकं जुळवून तुकडे भिडवले
तर रेघा जुळेनात.
तीन मिलिमीटर करवतीने खाल्लं होतं,
भुसा झाला, चुलीत गेला,
आणि तिरकी रेघ असा हिशेब विसरत नाही.

खुणा खोडल्या.

पट्टीचं काम निराळं.
दोन्ही कडांना लांब खाच,
तीत पातळ पट्टी, अर्धी याच्या पोटात, अर्धी त्याच्या.
वर-खाली होऊ देत नाही,
पण सरस धरेपर्यंत पुढे-मागे सरकू देते.
रेषे मात्र आडवे हवेत, सांधा ओलांडणारे.
उभ्या रेषांची पट्टी दिसते झकास
आणि पहिल्याच कडक थंडीत मधोमध चिरते.
म्हणून आखूड तुकडे घेतले, एकामागे एक,
कुंपणाकडच्या जुनिपरचे.
कापताना खोलीभर असा वास
की मारेतने खिडकी उघडली
आणि लगेच लावून घेतली.

सरस लावला. शिकंजे अर्धेच आवळले.
तिने बोट रेघेवर ठेवलं.
मी लाकडी हातोडीने टोकावर ठोकत गेलो.
"अजून.
अजून जरा.
बास. नाही, मागे.
बास."

सकाळी शिकंजे सोडले.
रेघा सलग, जणू सुरी आत्ताच उचलली.
टोकाला मात्र एक अर्धं दुसऱ्याच्या पुढे,
मोजून चार मिलिमीटर.
मी रंधा घेतला. सवयीने.
"राहू दे," म्हणाली.

रविवारी हाइनो आला. कोट न काढता
टेबलाभोवती फिरला, टोकाशी येऊन
त्या पायरीवरून अंगठा दोनदा नेला.
"हे चुकलंय ना?"
मी मारेतकडे पाहिलं, ती पाव कापत होती.

लेम्बित पलीकडे हापसालूला राहतो.
फेरीबोट बंद आहे म्हणे, वाऱ्यामुळे.
मी दाराबाहेर जाऊन बोट ओलं करून धरलं.
होता वारा.
थोडा.