चौदा घरं

डंडी, एकोणऐंशीचा ऑक्टोबर.
टे नदीच्या मुखाशी भरती-ओहोटी मोजायचं काम,
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा,
आणि तळघरात कपाटाएवढी पीडीपी-अकरा,
तिच्या पंख्याची घरघर
गावातल्या बंद ज्यूट गिरण्यांची नक्कल करणारी.

सकाळचे आकडे मी ठेवले
टाइड-रीडिंग्ज-मॉर्निंग या नावानं,
संध्याकाळचे टाइड-रीडिंग्ज-ईव्हनिंग.
यंत्र काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी यादीत एकच नाव:
टाइड-रीडिंग्ज-
शेवटी ती आडवी रेघ,
पायरी आहे समजून टाकलेल्या पावलासारखी.
आत फक्त संध्याकाळ.

डगल रॅट्रेनं चष्मा कपाळावर सरकवला.
प्रत्येक नोंदीला सोळा घरं, म्हणाला,
दोन आकड्याला, चौदा नावाला.
पंधरावं अक्षर कुणी ऐकत नाही.
त्याचे आजोबा गोणपाटावर शाई मारायचे,
पत्र्याच्या साच्यातून.
साच्यात न मावलेलं बंदराचं नाव
तसंच अर्धं जहाजावर चढायचं
आणि गोण पोचायची बरोबर.

मी मनात म्हटलं, चौदा विद्या ऐकून ठाऊक,
चौदावं रत्न तर शाळेतच चाखलेलं,
हे आणखी कुठलं चौदा?

माझंच नाव रोमन अक्षरांत टाकून पाहिलं:
कुमुदिनीखानवि.
लकर गळालं.
आडनावातलं गाव वेशीपर्यंत येऊन
एका अक्षरासाठी बाहेर राहिलं.

नाव म्हणजे दारावरची पाटी गं, डगल म्हणाला,
आत राहतो तो आकडा.
तू दोनदा एकाच पाटीचं दार उघडलंस
आणि दुसऱ्यांदा
आधीचं सामान बाहेर काढून राहायला गेलीस.

तेव्हापासून फरक आधी लिहिते.
आधी मॉर्न, मग टाइड.
पुढे घरं वाढली, दोनशे पंचावन्न झाली,
नातू फायलीच्या नावात अख्खं वाक्य कोंबतो.
माझी बोटं अजून चौदाव्याला थबकतात.

नऊ ऑक्टोबरच्या सकाळी
पाणी किती चढलं होतं, ते कुठंच नाही.
कागद मी फेकून दिला होता,
यंत्रात आहे ना, म्हणून.
एवढंच आठवतं, मोजखांबाला खेटून
एक सील डोकं वर काढून बघत होता
आणि मी त्याला चक्क मराठीत म्हणाले,
सरक रे जरा,
आकडा दिसत नाही.