हातचा

लोझेल्सच्या शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवतेय.
आठ पन्नासला हजेरी.
नंतर येणाऱ्याच्या नावापुढे लेट,
तीन लेट झाले की घरी चिठ्ठी.
पुढचं माझ्या हातात नसतं.

रोशेल बेकफर्ड, वय सतरा, हिला संशोधन करायचं होतं.
विषय विचारला तर म्हणाली, मिनिटं.
कसली?
बघू. आधी मोजते.

जानेवारीपासून ती चर्चच्या कोपऱ्यावर उभी,
अंगात भावाचा कोट, मुठीत आजीचं
केक भाजताना लावायचं घड्याळ.
पोलिसांनी कुणाला थांबवलं, किती वाजता,
दप्तरातून काय निघालं:
ओला टॉवेल, डब्यात भात-राजमा, कंपासपेटी.
कर्कटकाच्या टोकासाठी सहा मिनिटं.
(आणायला मीच सांगितलं होतं.)
नाव. पत्ता. हात वर.
शेवटी पावती मिळते,
वाण्याकडे मिळावी तशी.

त्या पावत्या ती मागून घ्यायची. पोरं हसत द्यायची.
एकानं दिली नाही.
त्याची ओळ तिनं वहीत रिकामी ठेवली.

मार्चअखेर माझ्या टेबलावर तक्ता.
अठरा मुलं, त्र्याहत्तर वेळा, सरासरी बारा मिनिटं.
सगळं हातानं, उभ्या मांडणीत,
प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात हातचा,
मी सातवीत शिकवला होता तसाच.
खाली उत्तर: चौदा तास छत्तीस मिनिटं.
पहिला तास गणिताचा असतो.

आणि शेजारी दुसरी यादी,
त्याच सकाळी त्याच नावांपुढे शाळेनं काय लिहिलं.
लेट. लेट. लेट.
आद्याक्षरं माझी.

मला कुठं माहीत होतं, मी म्हणाले.
रकानाच नव्हता, मिस,
असं ती म्हणाली, कुणासाठी दार धरून ठेवावं
इतक्या सहज.
मी त्या दारातून निघून जाऊ शकले असते.

शाळा समितीनं तिला आठ मिनिटं दिली.
तिला सात पुरली.
विषय विचारार्थ ठेवला, असं इतिवृत्तात आहे.

सोमवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी
काडीन दारात. कॉलर वाकडी, बोटांत पावती.
पडद्यावर दोनच खुणा, हजर आणि लेट.
मी हजर दाबलं.
बस, म्हटलं. फळा पुसला,
गणित पहिल्या ओळीपासून परत मांडायला घेतलं.
मागच्या बाकावरून कुणी कुरकुरलं,
मिस, हे झालंय.
झालंय, म्हटलं,
आणि लिहीत राहिले.